जे पोचले त्यांची सरासरी

कार्यालयात सगळे तिला सोयरीकबाई म्हणत. मागून नव्हे, तोंडावर. बेचाळीस वर्षांची बाई, स्वतःची सोयरीक कुठे जुळली नाही, आणि पगार घेते तो दोन हट्टी स्थळांची गाठ घालून द्यायचा. एवढी आयती थट्टा सोडतील तर ती कार्यालयातली माणसं कसली. तिचं तिलाही हसू यायचं, निदान सुरुवातीला.

ही स्थळं म्हणजे वाहतुकीची दोन मॉडेलं, दोन्ही कॉम्प्युटरच्या पोटातली. एकाला सगळे थोरलं म्हणत. थोरल्यात अख्खं शहर बसवलेलं होतं, सगळे रस्ते, सगळे पूल, दिवसाच्या साडेसहा लाख खेपा. पण थोरल्याला एकेक गाडी दिसत नसे, आणि पायी चालणारा माणूस तर त्याच्या गावीही नव्हता. नळातून पाणी जावं तशी त्यातून वाहतूक जायची, या रस्त्याने तासाला एवढी, त्या रस्त्याने तेवढी. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर थोरल्याने. दुसरं होतं धाकटं. त्यात एकच चौक, इस्पितळासमोरचा. पण तिथली प्रत्येक गाडी वेगळी, प्रत्येक माणूस वेगळा, आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याला प्रत्येक जण स्वतःचा विचार करणार: ब्रेक दाबू का, लेन बदलू का, रस्त्यात पाय टाकू का. धाकट्याला चौकाबाहेरचं जग ठाऊक नव्हतं आणि थोरल्याला चौकातलं.

नदीवरचा जुना पूल दोन वर्षं दुरुस्तीसाठी बंद होणार होता. त्याची सगळी वाहतूक इस्पितळाच्या चौकात येऊन आदळणार, तर तिथल्या सिग्नलच्या वेळा कशा लावायच्या, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी दोघांना एकमेकांशी बोलतं करायचं होतं. चौकात येणाऱ्या चारही रस्त्यांवर तिने एकेक वेस ठरवली. थोरल्याने वेशीपर्यंत पाणी आणून सोडायचं, धाकट्याने त्याच्या गाड्या करून आत घ्यायच्या, आणि आत किती वेळ गेला ते थोरल्याला कळवायचं. ते ऐकून थोरल्याने पुढच्या फेरीचं ठरवायचं. अशा फेऱ्या होत होत दोघांचं एकमत झालं, की सोयरीक जुळली.

ती जुळेना. थोरलं तासाला अठराशे गाड्या पाठवी. धाकटं गुदमरून कळवी की इथे नऊ मिनिटं लागताहेत. थोरलं घाबरून सगळ्यांना लांबच्या रस्त्याने वळवी आणि पुढच्या फेरीत जेमतेम सहाशे गाड्या धाडी. धाकटं म्हणे, इथे काहीच गर्दी नाही, चाळीस सेकंदांत पार. की थोरल्याच्या पुन्हा अठराशे. ये रे माझ्या मागल्या. दोघंही खरंच बोलत होती, आणि तरी दोघांचं मिळून खोटं होत होतं. सात आठवडे हे भिजत घोंगडं तिच्या टेबलावर पडून होतं, आणि साहेब रोज सकाळी जाता जाता विचारायचे, "काय सोयरीकबाई, साखरपुडा कधी?"

या चौकाशी तिचा संबंध नुसता कामाचा असता तर एक वेळ बरं होतं. तिचं घर त्याच चौकात होतं. वर्षापूर्वी मुद्दाम तिथे तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या, कारण रस्त्याच्या पलीकडे इस्पितळ, आणि इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, खिडकीपासून तिसऱ्या खाटेवर, तिची आई.

आईला पक्षाघात होऊन चौदा महिने झाले होते. वाचा गेली, उजवी बाजू गेली. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेली बाई, तिला आता स्वतःच्या अंगावरची चादर सारखी करता येत नव्हती. आणि तिने एक हट्ट धरला होता. सिस्टरने चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायचे. लेकीने केला तरी तेच. फक्त बाबांचा हात पुढे आला की तोंड उघडायचं. सकाळी सिस्टर कसंबसं थोडं दूध पोटात घालायच्या, पण खरं जेवण दुपारी चारचं, बाबांच्या हातचं. "पन्नास वर्षं तिने वाढलं आणि मी खाल्लं," बाबा म्हणायचे, "आता पाळी माझी."

बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांचे सेकंद नीट लावत बसलेला माणूस. दुकान बंद केलं तरी मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी रेडिओशी ताडून बघायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लेकीला सांगून टाकलं होतं, "मला पलीकडे जायला एकतीस सेकंद लागतात. सिग्नल चौतीस देतो. तीन सेकंद शिल्लक राहतात, त्यात मी टोपी सारखी करतो."

सहा पदरी रस्ता, बावीस मीटर रुंद, मधे पाऊल ठेवायला जागा नाही, नुसतं रेलिंग. थोडं पुढे पादचारी पूल होता अठ्ठेचाळीस पायऱ्यांचा. त्याला लिफ्ट होती, म्हणजे लिफ्टची खोली होती. टॅक्सीने जायचं तर दोन किलोमीटर पुढे जाऊन वळून यायचं, असला द्राविडी प्राणायाम करायला कुठला टॅक्सीवाला राजी नसे. तेव्हा रस्ता हा असा एकच, आणि त्याचे सेकंद चौतीस.

नियमांच्या पुस्तकातला माणूस सेकंदाला एक मीटर वीस सेंटिमीटर चालतो. हा माणूस कोण, त्याचे गुडघे कसले, कोणी पाहिलेलं नाही. तिने धाकट्यात चालणारी माणसं घालताना पुस्तकावर विसंबून न राहता शंभरात सात जण बाबांच्या चालीचे घातले होते. कार्यालयात हसले होते सगळे. "बापाला चिकटवून घेतलंत की नोकरीत," म्हणाले. तिला त्या सात जणांचं फार कौतुक होतं. पडद्यावर ते हिरवे ठिपके सावकाश रस्ता ओलांडायला लागले, की ती बाकीचं काम सोडून त्यांच्याकडे बघत बसायची.

मग एका मंगळवारी, सगळे उपाय थकल्यावर, तिने पायी माणसांचे चौतीस सेकंद कमी करून एकोणीस केले. उरलेले पंधरा गाड्यांना दिले. एकोणीस म्हणजे नियमात बसतं. पुस्तकातला माणूस बावीस मीटर एकोणीस सेकंदांत आरामात जातो. नुसतं करून बघायचं, एवढंच मनात होतं. आणि सात आठवडे भांडणारी दोघं सहा फेऱ्यांत एकमताला आली. थोरलं बाराशे म्हणालं, धाकट्याने दोन मिनिटं सांगितली, थोरलं पुन्हा बाराशेच म्हणालं. सुंठीवाचून खोकला गेला. ती खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिला आनंद झाला होता, आणि तो झाल्याची लाजही त्याच क्षणी वाटली होती. दोन्ही खरं होतं.

आता धाकट्यात एक सोय होती, तिचं नाव संयम. एखादी गाडी किंवा एखादा माणूस ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त अडकून पडला, तर धाकटं त्याला अलगद उचलून बाजूला ठेवायचं, त्याच्यापायी सगळा खेळ बंद पडू नये म्हणून. बाजूला म्हणजे कुठे, तर कुठेच नाही. फेऱ्या भराभर व्हाव्यात म्हणून तिने संयम तीन मिनिटांवर आणला होता. शेवटच्या, अहवालात जाणाऱ्या फेरीआधी तो काढून टाकायचा असतो. या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. तिलाही होतं. पण सोयरीक जुळल्याच्या भरात ती ते विसरली.

गुरुवारी दुपारी तीन वाजता नऊ तासांची फेरी संपली आणि यादीच्या तळाला एक ओळ उमटली. उचललेले पादचारी: दोनशे बारा.

तिने ती ओळ वाचली. दोनशे बारा जण काठावर उभे राहिले, सिग्नल हिरवा झाल्यावर त्यांनी हिशेब केला की आपण पोचत नाही, पुन्हा थांबले, आणि तीन मिनिटांनी धाकट्याने त्यांना उचललं. ते कोण होते हे तिला बघायची गरज नव्हती. अहवाल पाच वाजता जायचा होता. साहेब दारात उभे होते, त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा नव्हता एवढंच. बाकी चेहरा लग्नघरातला. पुन्हा फेरी म्हणजे पुन्हा नऊ तास, आणि संयम काढल्यावर दोघांचं पुन्हा फाटणार हे तिला आतून कळत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने अहवालात लिहिलं: पादचाऱ्यांचा सरासरी खोळंबा शेहेचाळीस सेकंद, पूर्वीपेक्षा फक्त सहा सेकंद जास्त. आकडा खरा होता. जे पोचले त्यांची ती सरासरी होती.

पूल बंद व्हायला अजून दोन महिने आहेत, तोवर सुधारित अहवाल देऊ, असं तिने स्वतःला सांगितलं. बाबांचंही काहीतरी बघू, एखादी बाई लावू हात धरायला. दोन महिने असे गेले की समजलंही नाही. बाई शोधायची राहिली, सुधारित अहवाल राहिला. आदल्या रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, उद्यापासून सिग्नलच्या वेळा बदलताहेत. जरा जपून."

"तुझंच काम ना ते?" बाबा म्हणाले. "मग झालं."

सोमवारी नव्या वेळा लागू झाल्या. दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी चपला काढता काढताच तिने विचारलं, "आज गेला होतात?"

"गेलो होतो."

"जमलं?"

"न जमायला काय झालं? सात चमचे खाल्लं तिने."

तिला इतकं हलकं वाटलं की काय सांगावं. माणूस मनात आणलं तर भरभर चालू शकतो, आपण उगाच घाबरलो, असं तिने ठरवून टाकलं. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला चुकीची वेळ सांगितली नाही, तो चुकीचे चमचे कशाला सांगेल? मंगळवारी सहा. बुधवारी सात. गुरुवारी "आज जरा कमी, पाचच." कमी सांगितलं म्हणूनच तिला जास्त खरं वाटलं.

एरवी रविवारी सकाळी ती स्वतः आईकडे जायची, धुतलेले कपडे घेऊन. पण नव्या वेळांचा पहिला आठवडा म्हणून त्या रविवारी साहेबांनी सगळ्यांना कार्यालयात बसवलं. चौक छान चालला होता. थोरल्याने सांगितल्या तेवढ्याच गाड्या आल्या, धाकट्याने सांगितला तेवढाच वेळ लागला. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

घरात मात्र एक नवीन सुरू झालं होतं. संध्याकाळी ती स्वयंपाकाला लागली, की बाबा बोळातून येरझाऱ्या घालायचे. दरवाजापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दरवाजापर्यंत. थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा सुरू. "काय चाललंय, बाबा?" "पाय मोकळे करतोय." म्हातारं माणूस, आईच्या काळजीने बेचैन असेल, असं समजून ती भाजी चिरत राहिली.

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी दुपारी तिला वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला.

"वडिलांची सर्दी कशी आहे आता?"

"सर्दी? कुणाची सर्दी?"

"ते म्हणाले होते फोनवर, सर्दी झालीय, आईंना लागायला नको म्हणून येत नाही. आज अकरावा दिवस. आई काही घेत नाहीत हो. आता दूधसुद्धा नाही, नुसत्या सलाइनवर आहेत. डॉक्टर म्हणताहेत, उद्या नळी घालावी लागेल. म्हटलं, तुम्हाला सांगावं."

तिने फोन ठेवला आणि घरी लावला. उचलला नाही. घड्याळात चारला बारा मिनिटं होती. बाबा मोबाइल बाळगत नसत. कार्यालयाच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सिग्नलची कंट्रोल रूम होती, भिंतभर पडदे आणि त्यांच्यासमोर एक निवृत्तीला आलेले गृहस्थ, ज्यांना सगळे सिग्नलकाका म्हणत. ती जिने उतरून धापा टाकत तिथे गेली. "काका, इस्पितळाचा चौक मोठा करा."

काकांनी केला. बाबा तिथे उभे होते. टोपी, हातात डबा, पट्ट्यांच्या अगदी काठावर. माणसांचा सिग्नल हिरवा झाला. आजूबाजूचे सगळे निघाले. बाबांनी पाय पुढे टाकला नाही. त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि सिग्नल लाल होईपर्यंत घड्याळाकडे बघत राहिले.

"हे होय?" काका खुर्चीत मागे रेलून म्हणाले. "आमचे इन्स्पेक्टर. रोज चारला हजर. घड्याळ लावून सिग्नल तपासतात, खरोखरच्या साहेबासारखे. पहिल्या दिवशी गेले होते निम्म्यापर्यंत. मग गाड्या सुटल्या, हॉर्न काय, ब्रेक काय, मला वाटलं संपलं. एकाने हात धरून मागे आणलं. तेव्हापासून पाय टाकत नाहीत. थांबतात दहा-बारा मिनिटं आणि जातात परत."

पडद्यावर आणखी दोन सिग्नल गेले. बाबांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. आणखी तीन गेले. मग ते वळले आणि पडद्याच्या कडेने बाहेर गेले, आणि चौकात त्यांच्या जागी कोणी नव्हतं.

धाकट्यातल्या माणसाचा संयम तीन मिनिटांचा. बाबांचा बारा मिनिटांचा होता, आणि तो त्यांनी रोज नव्याने आणला होता.

"तुमच्या ओळखीचे आहेत का कोणी?" काकांनी विचारलं. पण ती तोवर दारातून बाहेर पडली होती.

ती घरी पोचली तेव्हा पावणेपाच झाले होते. बाबा खुर्चीत बसले होते, डबा ओट्यावर तसाच, भरलेला. त्यांनी तिला बघून घाईने चेहरा सारखा केला. "लवकर आलीस? आज आठ चमचे—"

"चला, बाबा," ती म्हणाली. "मी येते तुमच्याबरोबर."

बाबांनी चपला घातल्या, डबा घेतला. चौकात तिने एका हाताने त्यांचा दंड धरला आणि दुसरा हात सुटणाऱ्या गाड्यांपुढे आडवा धरला. हॉर्न वाजले, शिव्या आल्या. पलीकडच्या पदपथावर पाय ठेवताना बाबा हळूच म्हणाले, "तीस."

आई वाळली होती. अकरा दिवसांत माणूस इतकं वाळतं हे तिला ठाऊक नव्हतं. बाबा खाटेजवळ बसले, डबा उघडला, चमचा भरला, तिच्या ओठांशी नेला. "सर्दी झाली होती गं," ते म्हणाले. "तुला लागायला नको म्हणून आलो नाही." आईने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. ओठ उघडले नाहीत. मग तिने मान खिडकीकडे वळवली. बाबा चमचा धरून बसले, तो गार होईपर्यंत, आणि गार झाल्यावरही.

दुसऱ्या दिवशी नळी घातली.

त्या दिवसापासून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती रोज चारला बाबांना हात धरून पलीकडे न्यायची. सकाळचा वेळ कार्यालयात जाऊन संयम काढून टाकलेली फेरी चालवायची. चौतीस सेकंदांवर तिने दोन फेऱ्या केल्या आणि सोमवारी कागद घेऊन साहेबांकडे गेली. दोनशे बाराची ओळही तिने त्यांच्यापुढे ठेवली. काही लपवलं नाही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "चौतीस परत दिले तर रांग कुठपर्यंत जाते?"

"इस्पितळाच्या फाटकापर्यंत. अॅम्ब्युलन्स आत जाते तिथपर्यंत."

"म्हणजे तुमच्या वडिलांना सोडायचं तर आजाऱ्यांना अडवायचं."

"मेळ बसत नाही, साहेब. थोरल्याचा आणि धाकट्याचा मेळ बसतच नाही. खरं उत्तर तेवढंच होतं. ते मी लिहायला हवं होतं."

"ते लिहिलं असतंत तर पूल बंद केला नसता," साहेब म्हणाले. "आता तो अर्धा उखडून झालाय." त्यांनी चष्मा काढला. "तीन महिन्यांनी आढावा आहे, त्यात घेऊ. तोवर हात धरायला एक माणूस मिळतो का, विचारतो वर."

नळी घातल्यापासून नवव्या दिवशी आई गेली, दुपारी, साडेतीनच्या सुमाराला. बाबा घरात टोपी घालत होते. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ झाला होता, वयही होतं, व्हायचं ते झालं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चांगले शब्द होते. ते ज्याला लागू पडतील असा माणूस तिथे उभा नव्हता.

मंजूर झालेला माणूस त्यानंतर आठ दिवसांनी चौकात येऊन उभा राहिला, हातात लाल झेंडी घेऊन. वरातीमागून घोडं.

आणि घरात बाबांच्या येरझाऱ्या थांबल्या नव्हत्या. आई गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती भाजी तशीच टाकून बोळात आली आणि पहिल्यांदा खाली बघितलं. फरशीवर निळ्या खडूच्या रेघा होत्या, आईच्या शिलाईच्या डब्यातल्या खडूच्या. दरवाजाशी एक, मोरीशी एक, मधे आणखी दोन. बाबा दरवाजाशी उभे होते, छाती वरखाली होत होती, नजर घड्याळावर.

"साडेपाच मीटर," ते म्हणाले. "चार वेळा गेलं की बावीस. एकतीसवरून सव्वीसवर आलोय. कालच्यापेक्षा आज एक सेकंद कमी."

"आता कशासाठी, बाबा?"

"सवय लागली." ते जरा ओशाळून हसले. "तुला सांगायला हवं होतं मी. पण लाज वाटली. एवढी मोठी माणसं तुम्ही, एवढं मोजता. एकोणीस सगळ्यांना पुरतात तर मलाच का पुरू नयेत? म्हटलं, पायच आळशी झालेत. आठ-पंधरा दिवस सराव केला की जमेल, मग जाऊ, तोवर पोरीला कशाला सांगा. तू मोजून केलेलं, त्याला मी कुठे नावं ठेवू?"

ती भिंतीला टेकली. पुढचं बोलणं तिने अनेकदा मनात म्हणून पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते यापेक्षा मोठं होतं. "एकोणीस सगळ्यांना पुरत नाहीत, बाबा. मला माहीत होतं. तुमच्या चालीची दोनशे बारा माणसं काठावर अडकली होती. यंत्राने त्यांना काढून टाकलं आणि उरलेल्यांची सरासरी मी लिहून दिली. मला ते दिसलं होतं. पाच वाजता अहवाल द्यायचा होता."

मनगटावरच्या घड्याळाचा काटा कुठे आहे ते बाबांनी एकदा बघितलं, सवयीने.

"म्हणजे पाय नव्हते चुकले," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"तू आधी सांगितलं असतंस ना," त्यांचा आवाज अजिबात चढला नाही, "तर मी तिला खरं सांगितलं असतं. रस्ता सोडत नाही म्हणून. तिला कळायचं सगळं. मी सर्दी सांगितली, आणि तिला ती खोटी वाटली. बघितलंस ना कशी बघत होती माझ्याकडे." ते सावकाश खाली बसले, दरवाजाशी, खडूच्या रेघेवर. "पन्नास वर्षं झाली होती, पोरी. तिला वाटलं असेल, मी कंटाळलो."

ती त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. बाबांनी खिशातून रुमाल काढला, तो थुंकीने ओला केला आणि पायाशी आली तेवढी रेघ पुसायला घेतली. तिने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. खडू चिकट होता, निघता निघत नव्हता.